स्वोर्डबिलच्या मागावर: इक्वेडोरच्या मेघवनांत

इक्वेडोर हा देश महाराष्ट्रापेक्षाही लहान, पण तिथे हमिंगबर्डच्या 130 हून जास्त जाती आहेत. आपल्याकडे एकही नाही. जास्वंदीला लटकलेला शिंजीर किंवा तिन्हीसांजेला फुलांपुढे तरंगणारा हॉक मॉथ पाहून 'आमच्या अंगणात हमिंगबर्ड आला' असे फोटो दरवर्षी फिरतात. खरे हमिंगबर्ड मात्र दोन्ही अमेरिका आणि आसपासची बेटं सोडून कुठेही आढळत नाहीत.

एवढ्याशा देशात इतक्या जाती मावतात त्या अँडीजमुळे. उंची बदलली की फुलं बदलतात आणि फुलांबरोबर चोची. म्हणून इथल्या सहलीचा नकाशा गावांचा न आखता उंचीचा आखायचा. आमचं मुख्य लक्ष्य होतं स्वोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड. वजन जेमतेम 12 ग्रॅम आणि चोच 8 ते 11 सेंटीमीटर. शेपटी वगळता उरलेल्या अंगापेक्षा चोच लांब असलेला जगातला हा एकमेव पक्षी. त्याचा मुक्काम साधारण 2,400 ते 3,500 मीटरच्या पट्ट्यात. या पट्ट्यात राजधानी किटोच्या पश्चिमेला यानाकोचा आणि पूर्वेला ग्वांगो अशा दोन खात्रीच्या जागा आहेत. या दोहोंच्या मध्ये पश्चिम उतारावर खाली मिंदो गावापर्यंत जाऊन परत चढायचं, असा बेत होता.

महिना नोव्हेंबर, दिवाळीच्या सुट्टीला जोडून. पश्चिम उतारावर जानेवारी ते मे पाऊस झोडपतो, पूर्व उतारावर जून ते ऑगस्ट. नोव्हेंबरात दोन्ही बाजूंना निभावून जातं. पाऊस पडतोच, फक्त बहुतेकदा दुपारनंतर.

पहिला दिवस: किटो, 2,850 मीटर

मुंबईच्या समुद्रसपाटीवरून थेट इथे उतरल्यावर पहिल्या दिवशी डोंगर चढायला जाऊ नये. डोकं जड होतं, जिना चढताना धाप लागते, रात्री झोप उडते. भरपूर पाणी, हलकं जेवण, दारू नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी घ्यायची असेल तर ती निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून.

मोकळा दिवस ला कारोलिना बागेतल्या वनस्पती उद्यानात घालवावा. भर शहरात स्पार्कलिंग व्हायोलेटइअर झाडाच्या शेंड्यावर बसून दिवसभर चिकचिक करत असतो आणि ब्लॅक-टेल्ड ट्रेनबेअरर आपली अंगापेक्षा लांब शेपूट सांभाळत फुलं धुंडाळतो. या दोघांवर डोळा आणि दुर्बीण बसवून घ्यायची. आकार, चोचीची लांबी, शेपटीचा काप, डोळ्यामागचा ठिपका, बसण्याची ढब या क्रमाने पाहायची सवय लावा आणि रंग शेवटी ठेवा. हमिंगबर्डच्या गळ्यावरची झळाळी रंगद्रव्याची नसते, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाची असते. पक्ष्याने मान वळवली की जांभळा गळा काळा होतो. धुक्यात तर सगळेच काळे दिसतात. रंग पाहून नाव ठरवणारा माणूस मेघवनात पहिल्याच सकाळी हात टेकतो.

दुर्बीण 8×42 घ्यावी. 42 ला 8 ने भागलं की 5.25 मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. 10×42 मध्ये तो 4.2 वर येतो आणि धुक्यात तेवढा फरक चांगलाच जाणवतो. दोन मीटरवरचं स्पष्ट दिसेल अशीच दुर्बीण निवडा, कारण इथे पक्षी लांब असणं ही अडचण क्वचित येते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला किटोत कोलादा मोरादा मिळते. जांभळ्या मक्याचं पीठ, ब्लॅकबेरी, अननस, दालचिनी, लवंग घालून शिजवलेलं घट्ट गरम पेय. सोबत बाहुलीच्या आकाराचा गोड पाव. मृतांच्या स्मरणाच्या दिवसांतला हा पदार्थ एरवी सहजी मिळत नाही, तेव्हा मिळेल तिथे प्यावा.

दुसरा दिवस: यानाकोचा, 3,500 मीटर

किटोहून पहाटे पाचला निघालं की उजाडता उजाडता पोचता येतं. शेवटचा टप्पा कच्चा आणि खड्ड्यांचा आहे, त्यामुळे साधी टॅक्सी नको, उंच चाकांची गाडी ठरवावी. विषुववृत्त जवळच असल्याने बाराही महिने सहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेसहाच्या आत अंधारतं. सकाळ हुकली की दिवस हुकला.

हे राखीव जंगल पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर आहे. होकोतोको ही संस्था 1998 साली सुरू झाली आणि 2001 मध्ये तिने ही जागा घेतली ती मुख्यतः ब्लॅक-ब्रेस्टेड पफलेगसाठी. पायांवर पांढऱ्या कापसाचे गोंडे असलेला हा काळसर हमिंगबर्ड किटो शहराचं मानचिन्ह आहे. तो दिसायला नशीब लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा या उंचीवरचा काळ, पण म्हणून पक्ष्यांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटल्यांवर तो हमखास येतो असं नाही. आम्हाला दिसला नाही. पफलेग म्हणून पटकन बोट दाखवावं असे सफायर-व्हेंटेड आणि गोल्डन-ब्रेस्टेड पफलेग इथे भरपूर असतात, आणि घाईत त्यांनाच 'तो' ठरवण्याची चूक सर्रास होते. छाती हिरवी-सोनेरी दिसली तर तो काळसर नर नव्हे.

वाट बरीचशी सपाट आहे, पण 3,500 मीटरवर सपाटीलाही दम लागतो. फांद्यांवर शेवाळाचे जाड थर, मधूनमधून पापुद्रे सुटलेल्या लालसर सालीची पॉलिलेपिसची झाडं, आणि वेलींवर गुलाबी फुलं. या फुलांपाशी थांबायचं. ही आपल्या कृष्णकमळाच्या कुळातली पॅसिफ्लोरा मिक्स्टा. आपलं कृष्णकमळ उघडं, पसरट. हिची नळी लांबच लांब आणि मध नळीच्या पार टोकाला. तिथवर पोचेल अशी चोच एकट्या स्वोर्डबिलकडे आहे आणि परागीकरणासाठी ही वेल त्याच्यावरच विसंबून आहे. नळीच्या बुडाशी बारीक भोक दिसलं तर ते फ्लॉवरपिअर्सर या आकडेबाज चोचीच्या पक्ष्याचं काम. तो बाहेरून भोक पाडून मध चोरतो, परागाला शिवतही नाही.

साखरपाण्याच्या बाटल्यांजवळ बाक आहेत. पोचल्यावर पाचेक मिनिटांतच ग्रेट सफायरविंग आला. निळे पंख इतके सावकाश हलतात की ते एकेक करून दिसतात. मग बफ-विंग्ड स्टारफ्रंटलेट, टिरियन मेटलटेल. इथेच बरेच लोक चुकतात. अर्धा तास बसतात, जवळचे चार-पाच हमिंगबर्ड टिपतात आणि पुढची वाट धरतात. स्वोर्डबिल एका झाडावर हक्क सांगून बसत नाही. लांबलांबच्या फुलांची ठरलेली फेरी मारतो. बाटली त्या फेरीतला एक थांबा. एकदा येऊन गेला की बराच वेळ फिरकत नाही, आणि त्याच्या मागे चालत जाऊन तो गाठता येत नाही. एका जागी बसून राहणं हीच पद्धत.

बाटल्या पुसत असलेल्या रखवालदाराने हाताने खूण केली ती बाटलीकडे नव्हे, मागच्या वाळक्या फांदीकडे. तिथे एक काडी आभाळाकडे रोखलेली. एवढी चोच आडवी धरली तर मानेवर ताण येतो, म्हणून बसल्यावर तो ती तिरकी वर धरतो. फांदीवरून वर निघालेली सरळ रेघ दिसली की दुर्बीण लावायची, हे तिथेच कळलं. दोन सेकंदांत धुकं आलं आणि रेघ पुसली गेली. दुपारपर्यंत तिथे पांढऱ्या पडद्याखेरीज काही नव्हतं.

कपड्यांबद्दल: थर्मल, स्वेटर, वर पाऊस अडवणारं जॅकेट, आणि हातमोजे असे की बोटं कॅमेऱ्यावर चालतील. छत्री अरुंद वाटेवर अडचण करते. परतताना नोनोजवळ लोक्रो दे पापा खावं: बटाटा आणि चीजचं दाट सूप, वर अवाकाडोच्या फोडी. शाकाहाऱ्यांनी 'सिन कार्ने' एवढंच म्हणून थांबू नये, कारण कार्ने म्हणजे अनेकांच्या लेखी फक्त लाल मांस आणि ताटात कोंबडी येते. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असं पूर्ण सांगावं आणि सूप कशाच्या पाण्यात शिजलंय तेही विचारावं.

तिसरा दिवस: नोनोचा जुना रस्ता, तांदायापापर्यंत

मिंदोला जायला आता डांबरी हायवे आहे, दोन तासांत पोचता. पक्षी पाहायला आलेल्याने तो टाळावा. नोनोवरून उतरणारा जुना कच्चा रस्ता 'पासेओ देल किंदे' या नावाने पक्षिमार्ग म्हणून ओळखला जातो. गाडी पुढे पाठवून तुकड्या-तुकड्याने चालत उतरायचं.

उंचीचा खेळ इथे चांगला कळतो. बेयाविस्ता परिसर 2,200 मीटरवर; सकाळचे पफलेग आणि सफायरविंग तिथे संपलेले असतात. त्यांच्या जागी गॉर्जेटेड सनएंजल, कॉलर्ड इन्का, बफ-टेल्ड कॉरोनेट, आणि व्हायोलेट-टेल्ड सिल्फ. सिल्फ नराची शेपूट जांभळी-निळी, उडताना मागे लहरते. आणखी खाली तांदायापाच्या आसपास बूटेड रॅकेट-टेल: पायांत पांढरे बूट आणि शेपटीच्या दोन उघड्या काड्यांच्या टोकांना निळसर चकत्या. हा इवला पक्षी बाटलीवर आला की हातभर अंतरावरून दिसतो.

कॉरोनेट बसल्यावर क्षणभर पंख वर उभारून धरतो. ओळखायला ही एक खूण पुरे. त्याचा स्वभाव मात्र तापट. सहा भोकांची बाटली असली तरी दुसऱ्याला शेजारी टेकू देत नाही. सार्वजनिक नळावरची भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे दृश्य समजावून सांगावं लागणार नाही. या भांडणांचा फायदा घेतो पर्पल-थ्रोटेड वुडस्टार. भुंग्याएवढा, भुंग्यासारखाच घुमत, सावकाश येतो आणि मोठे एकमेकांच्या मागे लागले की निवांत पिऊन जातो. त्याला कीटक समजून दुर्लक्ष करू नका.

दुपारी धुकं खालून वर चढतं. दोनच्या सुमारास समोरची दरी नाहीशी होते. तेव्हा व्हरांड्यात बसावं, हाती कानेलासो घ्यावा: दालचिनी, नारान्हिया फळाचा रस आणि उसाची दारू घालून उकळलेला. दारू नको असेल तर तसं सांगितलं की न घालता देतात.

कॅमेऱ्याचं थोडं. पंख गोठवायचे तर 1/2000 सेकंद किंवा त्याहून जलद शटर, पण मेघवनातल्या उजेडात त्यासाठी आयएसओ 6400 च्या घरात जातो. आमचं मत असं की पंख धूसर येऊ द्यावेत आणि 1/500 वर डोळा स्पष्ट घ्यावा. बाहेरच्या गारव्यातून उबदार खोलीत शिरताना लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून कॅमेरा बॅगेत बंद करूनच आत न्यावा आणि तासभर उघडू नये. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या. त्या ओल्या झाल्या की बदलाव्या, नाहीतर नुसतं ओझं.

चौथा दिवस: मिंदो आणि मिल्पे

मिंदो 1,250 मीटर, मिल्पे 1,100. इथे स्वेटर निघतो आणि डास सुरू होतात. एंप्रेस ब्रिलियंट आणि व्हेल्व्हेट-पर्पल कॉरोनेट मिंदोच्या थोडं वर. मिल्पेला क्राउन्ड वुडनिम्फ, ग्रीन थॉर्नटेल आणि जमिनीलगत झाडोऱ्यातून सुळकन जाणारा व्हाइट-व्हिस्कर्ड हर्मिट. वेळ हाताशी असेल तर एक पहाट पास दे लास आवेस या राखीव जंगलाला द्यावी. तिथले आंखेल पास गांडुळं दाखवून जायंट अँटपिटाला हाका मारतात आणि एरवी झाडीतून बाहेर न येणारा तो लाजरा पक्षी वाटेवर चालत येतो. नंतर न्याहारीला हिरव्या केळ्याचा कुस्करून तळलेला गोळा, बोलोन. मिंदो गाव पर्यटकांनी गजबजलेलं आहे. चॉकलेट घ्या आणि निघा.

साखरपाण्याचं गणित इथल्या स्वयंपाकघरात विचारून घेतलं. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, विरघळेपर्यंत ढवळायचं, बस्स. मध घालायचा नाही, कारण त्यात बुरशी लवकर धरते आणि ती पक्ष्यांना बाधते. गूळ किंवा तपकिरी साखरही नको, त्यातलं लोह त्यांना मानवत नाही. लाल रंगाची गरज नाही, बाटलीची लाल फुलं पुरेशी असतात. मिंदोच्या उष्ण हवेत पाणी एक-दोन दिवसांत आंबतं, यानाकोचाच्या थंडीत जास्त टिकतं. गढूळ पाणी, भोकांभोवती काळी बुरशी आणि मुंग्या असलेल्या बाटल्या दिसल्या तर त्या ठिकाणी पैसे न देता पुढे जाणं योग्य.

पाचवा दिवस: आंतिसाना, 4,000 मीटर

1,100 वरून पुन्हा आंतिसाना ज्वालामुखीच्या परिसरात चढायचं, म्हणून मधला मुक्काम किटोत. एवढ्या उंचीवर झाडं संपतात, गवताळ पारामो सुरू होतो. वाटेत कड्यांजवळच्या खानावळींच्या बाटल्यांवर जायंट हमिंगबर्ड येतो. 20 ग्रॅमच्या पुढचा, हमिंगबर्डांत सर्वांत मोठा, पंखांची हालचाल जवळजवळ पाकोळीची. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार जायंट हमिंगबर्डच्या एकीऐवजी दोन जाती मानायला हव्यात: अँडीजमध्ये वर्षभर राहणारी उत्तरेकडची आणि चिलीकडून स्थलांतर करणारी दक्षिणेकडची. इथे दिसतो तो उत्तरेकडचा.

वर चुकिरागुआची केशरी, काटेरी फुलं शोधायची. ती फुलली असतील तर इक्वेडोरियन हिलस्टार तिथेच. जांभळं डोकं, पांढरं पोट. विरळ हवेत तरंगणं महाग पडतं, म्हणून तो फुलाला पायांनी धरून बसून पितो. रात्री इथे पारा शून्याजवळ जातो. अशा थंडीत अँडीजचे हमिंगबर्ड शरीराची धग जवळजवळ विझवून रात्र काढतात; पेरूमधल्या 2020 च्या एका अभ्यासात ब्लॅक मेटलटेलच्या शरीराचं तापमान 3.26 अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. सकाळी ते पुन्हा तापायला वेळ लागतो. फांदीवर निपचित बसलेला हमिंगबर्ड आजारी समजून उचलू नये.

सहावा दिवस: पापायाक्ता ओलांडून ग्वांगो, 2,700 मीटर

4,000 मीटरहून उंच खिंड ओलांडून रस्ता अॅमेझॉनच्या बाजूला उतरतो. खिंडीत गारा, खाली उतरल्यावर झिमझिम. ग्वांगोच्या लॉजला बाटल्या घराच्या अगदी पुढ्यात. पूर्व उताराची मंडळी वेगळी: टूर्मलिन सनएंजल, चेस्टनट-ब्रेस्टेड कॉरोनेट, लाँग-टेल्ड सिल्फ, व्हाइट-बेलीड वुडस्टार. कॉलर्ड इन्का मात्र दोन्ही बाजूंना सारखा.

बाटली निवडून बसावं. दांडीवर बसून प्यायच्या बाटल्यांवर कॉरोनेटांचा कब्जा असतो. स्वोर्डबिलला पुढ्यात मोकळी जागा लागते, कारण चोच भोकात घालतानाही त्याचं अंग दहा सेंटीमीटर मागे असतं. म्हणून दांडी नसलेली, कडेला टांगलेली, फांद्यांपासून दूर असलेली बाटली पाहावी. जवळच ब्रुगमॅन्सिया, म्हणजे धोतऱ्याच्या नात्यातलं खाली लोंबणाऱ्या फुलांचं झाड असेल तर आणखी उत्तम. बाटली आणि झाडी यांच्या मध्ये उभं राहू नये. तीच त्याची वाट असते.

आठच्या सुमारास आला. आधी आवाज: कॉरोनेटच्या घुंईपेक्षा जाड, संथ. मग चोच आणि चोचीमागून पक्षी. तो आधी लांबूनच नेम धरतो, टोक भोकाच्या आजूबाजूला दोनदा आपटतं आणि तिसऱ्यांदा आत सरकतं. मादी होती, पोटावर हिरव्या ठिपक्यांची नक्षी. कपाळावर पिवळा पराग चिकटलेला, म्हणजे इथे यायच्या आधी फेरीतली फुलं झाली होती. मागे सरकताना चोचीच्या टोकातून पांढऱ्या दोऱ्यासारखी जीभ बाहेरच राहिली, मग आत गेली. जीभ नळीसारखी रस ओढते असं पूर्वी मानत. आलेहांद्रो रिको-गेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी 2011 मध्ये दाखवलं की जिभेची दोन टोकं रसात उलगडतात आणि बाहेर येताना रस मुठीत धरल्यासारखी मिटतात. हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही, जलद कॅमेरा लागतो. पण बाहेर राहिलेली जीभ दिसते.

पिऊन झाल्यावर ती समोरच्या फांदीवर बसली आणि पाय उचलून मान खाजवू लागली. बाकीचे पक्षी चोचीने पिसं विंचरतात. हिची चोच स्वतःच्याच छातीपर्यंत वळू शकत नाही, म्हणून सगळी साफसफाई पायांवर. एक कॉरोनेट अंगावर धावून आला. तिने चोच जराशी त्याच्याकडे वळवली आणि तो वळून गेला. दुपारपर्यंत ती, किंवा तिच्यासारखी दुसरी, ठरावीक अंतराने येत राहिली. मधल्या वेळात बागकाम करणाऱ्या बाईंनी अग्वा दे पानेला आणून दिलं. पानेला म्हणजे आपल्या गुळाची ढेपच. त्यात दालचिनीचा तुकडा आणि लिंबू. थंडीत याहून चांगलं काही नाही.

परतीच्या वाटेवर पापायाक्ताचे गरम पाण्याचे कुंड आहेत. टॉवेल आणि चपला जवळ असाव्यात. गाडीवाल्याला उशीर होणार असं आधीच सांगावं, कारण अंधार पडल्यावर खिंडीत धुकं आणि ट्रक दोन्ही वाढतात. किटोतही रात्री उशिरा पायी फिरू नये. निघण्यापूर्वी देशातल्या सुरक्षेची ताजी स्थिती पाहून घ्यावी.

कागदपत्रांत दोन गोष्टी. भारतीयांना 2019 पासून इक्वेडोरचा व्हिसा आगाऊ काढावा लागतो, तेव्हा तिकिटाआधी त्याची चौकशी. आणि यलो फीव्हरची लस. इक्वेडोर सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे तिचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवतात. लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घेतलेली हवी, ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिथे तारीख लवकर मिळत नाही. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते पिवळं पुस्तक चेक-इनच्या बॅगेत नको, पासपोर्टबरोबर हातात ठेवा.

चलन अमेरिकन डॉलर. 50 आणि 100 च्या नोटा खेड्यांत कुणी मोडून देत नाही. एक, पाच आणि दहाच्या नोटा न्याव्यात.